सी-शिफ्टचा फिल्टर

हातिमभाईंच्या दुकानात, सारडा सर्कलच्या अलीकडच्या बोळात,
मी काउंटरवर कागद ठेवते.
"ओम्नी, दोन हजार नऊ. तेल आणि फिल्टर.
बदलणार मीच."
ते कागद वाचतात, मला बघतात, पुन्हा कागद वाचतात.

"जुनं इंजिन, जाड तेल, पगारेताई."
वीस-चाळीसचा डबा फडक्यानं पुसून पुढे करतात.
डब्यावरच्या त्या डब्ल्यूला
मी कित्येक वर्षं वजन समजत होते.
तो हिवाळा निघाला.
आणि हिवाळा मला कुणी शिकवायला नको:
पहाटे पाचला निफाडकडचं वारं,
पाथर्डी फाट्यावर स्वेटरवर ॲप्रन चढवून उभ्या सात बायका,
आणि गाडी खोकते, खोकते, धरत नाही.
जाड तेल तेव्हा तळाशी पांघरूण घेऊन पडलेलं असतं.
"आणि मे महिन्यात?" हातिमभाई विचारतात.
मे महिन्यात त्यांचंही खरं.
शेवटी दहा-चाळीस. साठ रुपये जास्त.

मग फिल्टर.
एक पन्नासचा, खोक्यावर नाव नाही.
भोकातून आत डोकावले: निऱ्या पस्तीस-चाळीस,
घाईत नेसलेलं लुगडं.
कागदाच्या घड्यांना आम्ही निऱ्याच म्हणतो, अंबडला, लाईनवर.
आठ वर्षं मोजतेय.
छप्पन्न हव्यात.

दुसरा एकशेचाळीसचा. आमचाच.
उलटा केला तर बुडाला शिक्का,
सतरा जानेवारी, सी.

त्या रात्री छबू गांगुर्डे म्हणाली होती, भट्टी गार लागतेय,
गोंद धरायचा नाही.
भामरे साहेब म्हणाले, चालू द्या, ट्रक उभा आहे.
टोप्या मी बसवत होते.
मी काही म्हणाले नव्हते.

"दुसऱ्या तारखेचा द्या."
"अख्खा खोका ह्याच तारखेचा. दोनच उरलेत."
"बाकीचे?"
"गेले. सिन्नर, मालेगाव, कुठं कुठं."
मी दोन्ही घेतले.
एका गाडीला दोन कशाला, त्यांनी विचारलं नाही,
पिशवी मात्र जरा सावकाश दिली.

रविवारी अंगणात, गाडी कोमट करून,
सतराच्या पान्यानं बोल्ट सोडला.
तेल पातेल्यात उतरत होतं, काळं, चहाच्या वासाचं नाही, कशाच्याच वासाचं नाही,
तोवर मी एक फिल्टर करवतीनं कापला.
शेजारचे बोराडेकाका कुंपणावरून:
"अहो, नवा कोरा आहे तो!"
म्हणूनच.

टोपी नखानं उचकटून पाहिली.
गोंद सुटला नाही.
स्क्रू-ड्रायव्हर घातला, तरी नाही.
छप्पन्न निऱ्या, दोनदा मोजल्या.
एक जरा दुमडलेली, वाकून बसलेली,
तेवढी चालते, असं आमच्याच तक्त्यावर लिहिलंय.
तो तक्ता कुणी लिहिला, ते मात्र मला ठाऊक नाही.

दुसरा फिल्टर घेतला.
रबराच्या कडेला बोटानं नवं तेल, काजळ घालावं तसं.
हातानं घट्ट, मग पाऊण फेरा.
पाऊण म्हणजे पाऊणच, जास्त जोर लावला
तर पुढच्या वेळी सोडवताना आपल्यालाच शिव्या.
तेल तीन लिटरला थोडं कमी.
चावी फिरवली. लाल दिवा
एक, दोन, तीन, गेला.

जळकं तेल कॅनमध्ये भरून ठेवलं.
सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला संपत नेईल.
नंदिनीच्या पाण्यात ओतणारे आमच्या गल्लीतही आहेत.

सोमवारी पहाटे गाडी एका हाकेत उठली.
छबू मागच्या सीटवर, डबा मांडीवर:
"आज शहाणी झाली गं ही!"
मी हो म्हणाले.
पायाखाली त्या रात्रीतून तेल जात होतं, येत होतं,
आणि सिन्नरला, मालेगावला, कुठं कुठं.
फाट्यावर सिग्नलला थांबले
तेव्हा लाल दिव्याकडे मी पुन्हा एकदा पाहिलं.